सुरीचं तुटलेलं टोक घरच्या घरी परत काढता येईल का?

रसिका_ठाणे
नमस्कार मंडळी. माझी सहा इंची सुरी ओट्यावरून शहाबादी फरशीवर पडली, तीही नेमकी टोकावर. तीनेक मिलिमीटर टोक गेलं. जर्मन बनावटीची स्टेनलेस आहे, पातं तीन सेंटिमीटर रुंद. भाजीचं अडत नाही, पण कोळंबीचा काळा धागा काढायला आणि पापलेटाला खाचा द्यायला मला टोकच लागतं. घरात एका बाजूने खरखरीत, दुसऱ्या बाजूने मऊ असा धारेचा दगड आहे. त्यावर होईल का?

डोंगरवाट
सायकलवर चाक फिरवणारा धारवाला येत असेल तर त्याला द्या, ताई. पाच मिनिटांचं काम.

टूलरूमवाला
रसिकाताई, घरीच करा, छान होतं. माझी सगळी नोकरी पिंपरीत टूलरूममध्ये गेली, त्यामुळे हा विषय आला की मला राहवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे धारेला हात लावू नका. बहुतेक लोक धारेकडून घासत वर जातात. मग टोक वर उचललं जातं, आणि सुरी पाटावर टेकवली तरी पुढचा भाग चिरतच नाही. टोक काढायचं ते पाठीकडून. पाठ उतरती करत आणायची आणि जिथे शाबूत धार संपते तिथे नेऊन मिळवायची. मार्करने आधी ती गोलाई पात्यावर काढून घ्या. सुरी तीन मिलिमीटरने आखूड होईल, पण धार जशीच्या तशी राहील.

धारेवर कापडी चिकटपट्टी दुहेरी लावा. पाठ घासताना बोटं तिथेच येतात. घासायला दगडाची अरुंद कड वापरा, सपाट बाजूवर घासलंत तर तिला चर पडेल आणि पुढे धार लावायला तो दगड निकामी होईल. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा वॉटर पेपर आणा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि पाणी मारत घासा. अर्धा-पाऊण तास लागेल. कानस घेऊ नका. चांगल्या कडक पात्यावर ती नुसती घसरते. रेषेपर्यंत पोचलात की २२०, मग ४०० नंबरचा पेपर फिरवून ओरखडे काढा.

डोंगरवाट, धारवाल्यांच्या हाताला माझा मान आहे, पण ते चाक कोरडं असतं. टोक हा पात्याचा सगळ्यांत पातळ भाग, तिथली उष्णता पसरायला जागाच नसते. ठिणग्या उडता उडता पोलादाचं पाणी उतरतं आणि टोक मऊ पडतं. निळी झाक दिसली म्हणजे उशीर झाला. त्यांच्याकडे द्यायचीच असेल तर शेजारी पाण्याचा डबा ठेवा आणि दर दोन-तीन फिरक्यांनंतर टोक बुडवायला सांगा.

रसिका_ठाणे
काका, खूप आभार! पाठीकडून घासायचं हे मला सुचलंच नसतं. एक शंका: नवं टोक आधीच्याइतकं बारीक होईल का?

टूलरूमवाला
लगेच नाही होणार, ताई. पाठ जिथे जाड आहे तिथून तुम्ही ते कापून काढलेलं असतं. म्हणून शेवटचा दीड-दोन सेंटिमीटर भाग दोन्ही बाजूंनी दगडावर जवळजवळ आडवा ठेवून पातळ करा. हे टाळलं तर टोक दिसतं छान, पण कोळंबीत शिरत नाही. पात्यावर थोडे ओरखडे उमटतील, ते ६०० च्या पेपरने कमी होतात.

मग पट्टी काढून मऊ बाजूवर नेहमीसारखी धार. तुमचं पातं तीन सेंटिमीटर रुंद आहे, तर पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचला, साधारण वीस अंश मिळतात. टोकाकडे येताना मूठ किंचित वर घ्या, नाहीतर गोलाईवरची धार सुटते. शेवटी कडेला पातळ तार राहते, ती नखाला अडकल्यासारखी जाणवते. जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढलंत की निघून जाईल.

मुलुंडची_माई
माझ्या सुरीचं टोक तुटलं नाही, वाकलंय. पक्कडने सरळ करू का?

टूलरूमवाला
माई, नुसती पक्कड नको, दातांचे वळ उठतील. लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्यांत टोक धरा आणि थोडं थोडं दाबत सरळ करा. साधी स्टेनलेस ऐकते. जपानी कडक सुरी असेल तर तिला दाबूच नका, ती काचेसारखी कट्कन तुटते. वाकलेला भाग पाठीकडूनच घासून काढा, वर सांगितलं तसा.