शब्दचर्चा: उसवण, रिंगाण आणि कादंबऱ्यांची नावं

या महिन्यात कादंबऱ्या वाचायचा सपाटाच लावला होता, त्यातल्या दोन फार आवडल्या, देविदास सौदागर यांची 'उसवण' (२०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार) आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (२०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार). दोन्हींची नावं अजून डोक्यातून जात नाहीयेत म्हणून हे लिहितोय.

आधी उसवण. आपण बोलताना फाटणं आणि उसवणं सर्रास एकाच अर्थाने वापरतो पण खरंतर फाटतं ते कापड, उसवते ती शिवण. कापड शाबूत असतं, फक्त त्याला धरून ठेवणारा दोरा सुटतो. शिवाय हे क्रियापद दोन्हीकडून चालतं बघा, "बाही उसवली" म्हणजे आपोआप सुटली असंही होतं आणि "मी बाही उसवली" म्हणजे मुद्दाम टाके काढले असंही. कपडा ढिला करायचा तर टेलर आधी उसवतोच. आता कादंबरी आहे एका शिंप्याची, रेडीमेड कपडे आले आणि त्याच्या हातचं काम कमी कमी होत गेलं. माणूस तोच, हात तोच, कसब तेच, आणि धरून ठेवणारं काम तेवढं सुटत चाललंय. इथे 'विरणं' चाललं नसतं कारण विरतं ते वापरून वापरून, 'टरकणं'ही नाही कारण ते एका झटक्यात होतं. उसवण एकेक टाक्याने पुढे सरकते, म्हणून मला हे नाव इतकं चपखल वाटतं.

व्याकरणाच्या अंगाने पण मजा आहे. धातूला 'ण' लागून झालेली नामं किती वेगवेगळी वागतात! दळण म्हणजे जे दळायचंय ते धान्य, वाटण म्हणजे वाटून झालेला पदार्थ, आणि शिवण ही क्रिया पण आणि ती शिवलेली रेघ पण. उसवण मला शिवणीसारखं वाटतं, म्हणजे उसवण्याची क्रियाही आणि जिथे उसवलंय ती जागाही. 'उसवणी' म्हटलं असतं तर पेरणी, कापणी, मळणीसारखं ठरवून हाती घेतलेलं काम वाटलं असतं, आणि ते इथे अजिबात बसत नाही.

रिंगाण म्हणजे आपलं रिंगणच, बोलीतला उच्चार. जेवणचं जेवाण, दळणचं दळाण होतं तसंच. प्रमाण भाषेत रिंगण म्हटलं की वारीतलं गोल रिंगण आणि उभं रिंगण आठवतं, नाहीतर पेपरातलं "निवडणुकीच्या रिंगणात". रिंगाण म्हटल्यावर यातलं काहीच आधी डोळ्यापुढे येत नाही, आणि धरणामुळे उठून गेलेल्या माणसांच्या गोष्टीला तेच हवं होतं असं मला वाटतं. एका आकाराचा फरक पण शब्द कुणाच्या तोंडचा आहे ते लगेच कळतं. असे शब्द 'शुद्ध' करून छापायचा आग्रह धरणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

जाता जाता, 'कादंबरी' हा शब्दसुद्धा मुळात एका पुस्तकाचं नावच. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत कथेचं, त्यातल्या नायिकेवरून आलेलं, आणि ती कथा त्याच्याकडून अपुरी राहिली ती पुढे त्याच्या मुलाने पूर्ण केली. मराठी आणि कन्नडने त्या एका पुस्तकाचं नाव सगळ्या प्रकाराला दिलं, हिंदी-बंगालीने उपन्यास घेतला, गुजरातीने नवलकथा. संस्कृतमध्ये कादंबरी म्हणजे एक प्रकारची मदिरासुद्धा, रात्री जागून वाचणाऱ्यांना हा अर्थ लगेच पटेल.

तर विचारायचं हे की 'उसवण' हे नाम तुमच्याकडे रोजच्या बोलण्यात आहे का, की फक्त 'उसवलं' एवढंच म्हणतात? आणि शिवणकाम करणाऱ्यांकडे टाके काढायच्या कामाला आणखी काही वेगळा शब्द असेल तर तो नक्की सांगा, मला हवाय.