रविवारची सुट्टी कुणी दिली?

रविवारची सुट्टी ही साहेबाच्या चर्चची देणगी, असं काहीजण म्हणतात. मुंबईच्या कापड गिरण्यांपुरतं तरी हे खरं नाही. ती मागून, झगडून घेतलेली आहे.

१८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. जेवायला अर्धा तास मिळावा म्हणून अर्ज करावा लागत होता, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

पुढे एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या (हे फारसं कुणी सांगत नाही, सांगायला हवं). १० जूनला मालकांनी सुट्टी मान्य केली.

माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते. रविवारी सकाळी ते दारात बसायचे आणि आजी फणीने त्यांच्या केसांतला कापूस काढायची. बाकी सहा दिवस तेवढीही सवड नसे.