'दयासन' म्हणजे नेमकं काय?

कोरी पाटी:
मराठी बायबलात निर्गमच्या २५व्या अध्यायात 'दयासन' भेटलं. दया + आसन हे कळलं, पण त्यावर बसतं कोण? आणि देव न्यायी म्हणायचा, तर दयेची ही वेगळी सोय कशाला?

उत्तन किनारा:
ते झाकण आहे हो! बाभळीच्या लाकडाचा कराराचा कोश, म्हणजे इस्राएलाची पवित्र पेटी, तिचं. अडीच हात लांब, दीड हात रुंद, शुद्ध सोन्याचं. दोन टोकांना पंख पसरलेले दोन करूब (देवदूतांसारखे स्वर्गीय जीव), समोरासमोर, नजर खाली झाकणाकडे.

मूळ हिब्रू शब्द 'कप्पोरेत'. 'योम किप्पूर' या ज्यूंच्या पवित्र दिवसाच्या नावातला किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्त, त्याच धातूतला. 'आसन' मागाहून चिकटलं. लूथरने जर्मनमध्ये 'कृपेचं आसन' केलं, टिंडलने इंग्रजीत 'दयेचं आसन', आणि मराठीने तीच वाट धरली. स्तोत्रांत देव करूबांवर विराजमान आहे, त्यामुळे आसन अगदीच उपरं वाटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कोशात काय होतं? दहा आज्ञांच्या दगडी पाट्या. वर्षातून एकदा महायाजक पडद्याआड जाई आणि बोटाने झाकणावर रक्त शिंपडी (लेवीय १६). आज्ञा कुणी खोडल्या नाहीत की सैल केल्या नाहीत. त्या मोडल्याचं प्रायश्चित्त त्यांच्याच डोक्यावर व्हायचं. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात या झाकणाला 'हिलास्तेरिओन' म्हटलंय, आणि पौल रोमकरांस पत्रात (३:२५) येशूसाठी तोच शब्द वापरतो. मराठीत तिथे 'प्रायश्चित्त' आल्यामुळे हा दुवा वाचकाला दिसतच नाही. माझ्या मते मोठं नुकसान.

भिंगरी:
भर घालते. लूक १८ मधला जकातदार मंदिरात लांब उभा राहून ऊर बडवत म्हणतो, 'मज पाप्यावर दया कर.' तिथलं ग्रीक क्रियापदही याच कुळातलं. आणि लगेच पुढे, तो 'नीतिमान ठरून' घरी गेला! आपण नीतिमान म्हणजे सदाचारी समजतो आणि अडखळतो, कारण हा तर लोकांना नाडणारा माणूस. सगळं वजन 'ठरणे'वर आहे. निवाडा त्याच्या बाजूने लागला, एवढंच.

अवांतर: 'न्याय' म्हटलं की आपल्याला कोर्ट नि तारखा आठवतात. यशया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात अनाथाचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या म्हणतो. गिदोन, दबोरा यांच्या पुस्तकाचं मराठी नाव 'शास्ते' आहे ते बरंच झालं. 'न्यायाधीश' केलं असतं तर शत्रूपासून सोडवणारी ही माणसं काळ्या कोटात दिसली असती.

कोरी पाटी:
झकास. मग इब्री ९:५ मधलं दयासनही हेच?

उत्तन किनारा:
तेच. आणि तिथे खुद्द पत्रलेखकच म्हणतो की याविषयी आता सविस्तर सांगता येत नाही!