फेरिटिन नॉर्मल असूनही लोहाची कमतरता असू शकते का?

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर):
माझ्या ६४ वर्षांच्या आईला १२ वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमॅटॉइड संधिवात आहे. एके काळी राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येणारी ती अलीकडे दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्येच पायरीवर बसते. हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन ८४, सीआरपी (दाहाचे माप) ४२ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) ११ टक्के आले. फेरिटिन लॅबच्या मर्यादेत असल्यामुळे आमच्या डॉक्टरांनी हा जुनाट दुखण्याचा अ‍ॅनिमिया आहे, लोह नको, असे सांगितले. हे योग्य आहे का?

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट):
फेरिटिन हे लोहसाठ्याचे माप खरे, परंतु शरीरात दाह (इन्फ्लमेशन, जसा आमवातात असतो) असला की साठा आटत आला तरी आकडा चढा राहतो. रिपोर्टावर छापलेली मर्यादा निरोगी माणसासाठी असते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खालचे फेरिटिन कमतरतेचे मानते, दाह असताना मात्र हीच सीमा ७० वर नेते, आणि व्यवहारात अनेक तज्ज्ञ १०० पर्यंत संशय धरतात. नुसत्या सॅच्युरेशनवरही विसंबू नये, कारण दाहात तेही घसरते. दोन्ही आकडे एकत्र वाचता आपल्या आईंना दाहाचा (म्हणजे डॉक्टर म्हणतात तो जुनाट दुखण्याचा) अ‍ॅनिमिया आणि लोहाची खरी कमतरता एकदमच असावी, असे मला वाटते.

उत्तर (फिजिशियन):
सहमत आहे. दाहात इंटरल्यूकिन-६ या दाहाच्या संदेशरेणूमुळे यकृत हेप्सिडिन हे लोह अडवणारे संप्रेरक जास्त तयार करते आणि ते पेशींतून लोह बाहेर सोडणारे फेरोपोर्टिन हे प्रथिन नष्ट करते. त्यामुळे आतड्याने शोषलेले लोहही रक्तात उतरत नाही. अशा रुग्णांत गोळ्या अनेकदा फोल ठरतात व लोह शिरेतून द्यावे लागते, अर्थात सक्रिय जंतुसंसर्ग नसताना. गोळ्याच द्यायच्या असतील तर एक दिवसाआड द्याव्यात आणि चहासोबत देऊ नयेत, जे आपल्या घरांत कितीही सांगितले तरी कोणी ऐकत नाही. पण लोह जाते कुठे, हे कोणी विचारलेले दिसत नाही. त्या वेदनाशामक गोळ्या घेतात का? शौचाचा रंग कसा असतो?

प्रश्नकर्ता:
डायक्लोफेनॅक रोज घेते, तेही बहुधा उपाशीपोटी. आज खोदून विचारले तेव्हा कळले की, दोन महिन्यांपासून शौच डांबरासारखे काळे होत आहे. संकोचाने तिने सांगितले नव्हते.

उत्तर (फिजिशियन):
लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण त्या तर सुरूच नाहीत. म्हणजे डायक्लोफेनॅकमुळे जठरातून रक्त जात असण्याची शक्यता दाट आहे. डायक्लोफेनॅकची पुढची गोळी देऊ नका आणि त्यांना आजच रुग्णालयात नेऊन दुर्बिणीची तपासणी ठरवून घ्या. लोह कोणत्या मार्गाने द्यायचे, ते त्यानंतर पाहू.