मालवणात स्नॉर्कलिंगला पाव मागणाऱ्या पर्यटकांना कसं समजवायचं?

मालवणचा होडीवाला:
सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायला, माणसं नेतो. होडीत बसल्या बसल्या विचारतात, "पाव आणलात ना? मासे यायला हवेत, व्हिडिओ काढायचाय." त्याहून वाईट म्हणजे मास्कमध्ये पाणी शिरलं की माणूस घाबरतो आणि पाय टेकायला जागा शोधतो. खाली प्रवाळ असतं, त्याला तो खडक वाटतो. ओरडलो तर पाहुणे दुखावतात. पाव नाही म्हटलं तर शेजारच्या होडीत जातात. माझं पोट यावरच आहे, पण प्रवाळच मेलं तर दाखवू काय? कोणी काही उपाय केलाय का?

हॅवलॉकची (अंदमान) डायव्हर:
दादा, पाण्यात ओरडून उपयोग नाही, कान पाण्याखाली असतात. जे सांगायचं ते आधीच. मी नवख्यांना कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर, मास्क भरून रिकामा करायला लावते. घाबरलात तर उताणं व्हा, लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं. हे एकदा स्वतः करून बघितलं की पाय खाली जात नाहीत. आणि पूर्ण ओहोटीला उथळ प्रवाळावर कोणाला नेऊच नका.

सागरी जीवशास्त्र, रत्नागिरी:
पाव का नको, ते कारणासकट सांगा. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे पावावर पोट भरू लागले की शेवाळ माजतं, नव्या प्रवाळाला रुजायला जागा उरत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघासारखंच संरक्षण आहे. हेही सांगा, लोक चपापतात. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालायला सांगा. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनची सर्रास विक्री हवाईने २०२१ पासून बंद केली, ती प्रवाळासाठीच.

डोंबिवलीची आई:
मुलांना सांगा हो! प्रवाळ दगड नाही, जिवंत प्राणी आहे, एवढं माझ्या लेकीला कळलं असतं तर तिने बापाला पाय टेकू दिला नसता. पावाशिवाय मासा शोधायचं काम द्या, मुलं त्यातच रमतात.

मालवणचा होडीवाला:
ताई, मास्कचा सराव चिवल्याच्या किनाऱ्यावर घेता येईल, तिथे वाळू आहे. पावाचं मात्र एका होडीने भागणार नाही. धक्क्यावर सगळ्यांशी बोलतो. सगळ्यांनीच नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाणार कुठे? मुलांसाठी माशांच्या चित्रांचा एक कागद प्लास्टिकमध्ये घालून होडीत ठेवायचा विचार आहे. रत्नागिरीकर, आपल्याकडचे नेहमी दिसणारे मासे निवडून द्याल का?