मॅगॅडिनो बुडाला तो पैशापायी

१९५७ च्या अ‍ॅपलाकिन धाडीने (न्यूयॉर्क राज्यातल्या या गावी माफिया म्होरक्यांच्या बैठकीवर पोलिसांनी घातलेली धाड) अमेरिकेतल्या बफेलो शहराचा माफिया डॉन स्टेफानो मॅगॅडिनो संपला, हे काही पटत नाही. नाचक्की झाली खरी, पण बफेलोची गादी पुढे दहाएक वर्षं शाबूत होती, आणि सीमेपलीकडे कॅनडातल्या ओंटारियोतही त्याचा शब्द चालायचा. घात झाला १९६८ च्या अखेरीस. धंदा मंदा आहे असं सांगून म्हाताऱ्याने टोळीतल्या माणसांचे नाताळच्या बोनसचे पैसे अडवले, आणि नेमके तेव्हाच एफबीआयला त्याच्या मुलाच्या घरी सुमारे पाच लाख डॉलर रोख सापडले, तेही सुटकेसमध्ये!

बेकायदा चोरून ऐकलेल्या संभाषणांमुळे खटला टिकला नाही, पण माणसं बिथरली ती बिथरलीच. बफेलोतल्या गटाने त्याला झुगारून दिलं. १९७४ मध्ये वारला तेव्हा नावापुरताच डॉन उरला होता. (नायगारा फॉल्सला घरचा अंत्यसंस्काराचा व्यवसाय, म्हणून टोपणनाव 'अंडरटेकर'.)