'रॅक म्हणजे गेटचं सामान' म्हणणाऱ्यांना उत्तर

रत्नागिरीकर
काल इथे एकाने ठोकून दिलं: 'अचूकता हवी तर बॉलस्क्रूच. रॅक-पिनियन म्हणजे सरकत्या गेटचं सामान.' वाचून डोकं तापलं. बॉलस्क्रू म्हणजे आट्यांचा दांडा, त्यावर गोळ्यांचा नट धावतो; रॅक म्हणजे दातेरी पट्टी, तिच्यावर पिनियन हे छोटं दातेरी चाक फिरतं. अहो, 8 बाय 4 फुटांचं घरी बनवलेलं प्लाझ्मा टेबल आहे, तापलेल्या वायूच्या झोताने पत्रा कापणारं. 16 मिमीचा स्क्रू आठ फूट लांब लावा, 350 आरपीएमच्या पुढे दोरीसारखा झुलायला लागतो. 5 च्या लीडला (एका फेऱ्यात 5 मिमी सरकतं) म्हणजे मिनिटाला जेमतेम पावणेदोन मीटर. 1 मिमीचा पत्रा त्या चालीने कापला तर खाली नुसता स्लॅग, वितळून चिकटलेला मळ. उलट मॉड्यूल 1 (दाताचं माप), 20 दातांचा पिनियन, 3:1 बेल्ट रिडक्शन (मोटरचे तीन फेरे, पिनियनचा एक) घ्या: मोटरच्या एका फेऱ्याला 21 मिमी, फेऱ्याला 1600 पल्स (मोटरला जाणारे विजेचे ठोके) धरले तर पल्सला 0.013 मिमी. टॉर्चची चीरच सव्वा-दीड मिमी रुंद असते!

कुडाळ_टूलरूम
ते मीच लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणेन. पल्सचा भागाकार म्हणजे अचूकता नव्हे. दातांमधला प्ले, म्हणजे ढिलाई, कुठे धरलात? दिशा बदलली की गोल भोकाचं अंडं होतं. वर रॅक तुकड्यांत येतो, सांध्यावर गचका बसतो तो वेगळाच. 20 वर्षं मिलिंगवर (फिरत्या कटरने धातू कापायच्या कामावर) काढलीत मी.

रत्नागिरीकर
मोटर बिजागरीवर बसवून स्प्रिंगने पिनियन दाबून ठेवला की प्ले संपला. सांध्यावर रॅकचा सुटा तुकडा उलटा बसवून दात जुळवायचे, मग बोल्ट आवळायचे.

वेंगुर्लेकार
तुमी हिशेब करीत बसलास, गंजाचा कोण बोलतलो? माझी शेड दर्याक लागून. गणपतीत पंधरा दिवस मशीन बंद ठेवलंय, तर स्क्रूर तांबडे ठिपके आणि नट करकरता.

कुडाळ_टूलरूम
ग्रीस न लावता सोडलंत, त्यात स्क्रूचा काय दोष?

वेंगुर्लेकार
ग्रीस होता! तेच्यात प्लाझ्माची धूळ बसली, पॉलिश पेपर झालो तेचो.

चिपळूण_फॅब्रिकेशन
गंजाचं काय घेऊन बसलात. 22 जुलै 2021 ला माझ्या शेडमध्ये छातीएवढं पाणी होतं. माझं रॅकचं टेबल आणि शेजाऱ्याचा बॉलस्क्रूचा राउटर (कोरीव कामाचं मशीन), दोन्ही गाळात. मोटरी, ड्राइव्ह दोघांचे गेले. पण रॅक मी तारेच्या ब्रशने आणि डिझेलने धुतला, एकेक दात खरवडला. आजही त्याच रॅकवर ग्रिल कापतोय. शेजाऱ्याच्या नटातला गाळ निघालाच नाही, स्क्रू भंगारात दिले. माणूस रडला होता त्या दिवशी.

कुडाळ_टूलरूम
वाईट वाटलं, पण पुराचा अचूकतेशी काय संबंध? पूर काय रोज येतो?

चिपळूण_फॅब्रिकेशन
हे बाजारपेठेत उभं राहून बोलून दाखवा. 2005 लाही आला होता. मशीन इथे चालवायचं तर इथलं पाणी धरूनच निवडायला लागतं.

वेंगुर्लेकार
चिपळूणकार बरोबर बोललो. खारो वारो तर रोजच येता.

कुडाळ_टूलरूम
ठीक आहे. स्क्रू झुलण्याचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला, आकडा तुमचाच बरोबर निघाला. आठ फुटांच्या बाजूला रॅक लावा. पण टॉर्चच्या वर-खाली चालीला स्क्रूच हवा, आणि अ‍ॅल्युमिनियम मिलिंगला मी रॅक लावू देणार नाही.

रत्नागिरीकर
झेडला, म्हणजे वर-खाली चालीला, माझ्याकडेही स्क्रूच आहे, आणि मिलिंगचं मी बोललोच नव्हतो. 'गेटचं सामान' तेवढं मागे घ्या.

कुडाळ_टूलरूम
20 मिमीचं भोक कापा, दोन्ही दिशांनी व्हर्नियर लावून फोटो टाका. मग बघू.